स्क्रू फिरवण्यापूर्वी : चेतक स्कूटरच्या आयडलिंगचा एक धडा



गेल्या वर्षी आपल्या शाळेच्या कार्यानुभव वर्गाला एका माजी विद्यार्थ्याच्या घरून जुनी बजाज चेतक स्कूटर भेट मिळाली. १९९२ सालची ही गाडी आजोबांनी नोकरीत असताना घेतलेली. पुढे बरीच वर्षे ती अंगणात ताडपत्रीखाली उभी होती. "मोडीत घालण्यापेक्षा मुलांच्या हाताखाली जाऊ दे," असे म्हणून त्यांनी किल्ली आमच्या स्वाधीन केली. आठवी-नववीच्या मुलामुलींनी तीन महिने दर शनिवारी खपून ती साफ केली, आणि एके दिवशी सातव्या किकला गाडी सुरू झाली. त्या दिवशी वर्गात झालेला गलका मुख्याध्यापकांच्या खोलीपर्यंत ऐकू गेला होता.

एक तक्रार मात्र राहिली. रेस दिली की इंजिन छान चालायचे, रेस सोडली की बंद पडायचे. ही तक्रार दूर करताना आम्हा शिक्षकांकडून एक चूक झाली आणि ती थोडक्यात महागात पडता पडता राहिली. ती चूक कोणती आणि त्यातून आम्ही काय शिकलो, ते या अंकात सांगत आहोत. पालकांपैकी अनेकांनी चेतक चालवली असेल, त्यांनाही काही गोष्टी आठवतील.

ही गाडी कोठली?

चेतकचे गाव पुण्याजवळचे आकुर्डी. बजाज कंपनी तेथे इटलीच्या पियाज्जिओ कंपनीच्या परवान्याने व्हेस्पा स्कूटर बनवत असे. तो करार १९७१ मध्ये संपला आणि १९७२ मध्ये त्याच धर्तीची गाडी 'चेतक' या नावाने बाहेर आली. नाव अर्थातच महाराणा प्रतापांच्या घोड्याचे. त्या काळी गाड्या कमी आणि मागणी फार, त्यामुळे नंबर लावून कित्येक वर्षे वाट पाहावी लागे. पुढे नवरा, बायको, दोन मुले आणि पुढच्या जागेत भाजीची पिशवी, असा सगळा संसार या एका गाडीवर हुबळीहून धारवाडला जात असे. गिअरवाल्या जुन्या चेतकचे उत्पादन २००५ च्या सुमारास थांबले. २०२० पासून विकली जाणारी नवी चेतक विजेवर चालते, तिला कार्बोरेटरच नाही.

जुन्या चेतकचे इंजिन एका सिलिंडरचे, सुमारे १४५ सीसीचे, टू-स्ट्रोक आणि हवेने थंड होणारे. मोटारीत असते तसे पाण्याचे रेडिएटर त्याला नसते. इंजिनाच्या चाकावरच पात्यांचा पंखा बसवलेला असतो. इंजिन फिरते तसा पंखाही फिरतो आणि पत्र्याच्या आवरणातून सिलिंडरच्या पंखांवर वारा सोडतो. म्हणजे इंजिन हळू चालले की वाराही कमी. हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

नुसते चालणे म्हणजे काय?

पेट्रोल एकटे जळत नाही, त्याला हवा लागते. वजनाने पाहिले तर एक ग्रॅम पेट्रोल पूर्ण जळायला सुमारे पंधरा ग्रॅम हवा लागते. हे प्रमाण आकारमानात मांडले तर चकित व्हायला होते. एक लिटर पेट्रोल जाळायला जवळजवळ नऊ हजार लिटर हवा लागते! ही हवा आणि पेट्रोल योग्य प्रमाणात मिसळून इंजिनाला देणे हे कार्बोरेटरचे काम.

कार्बोरेटरमध्ये हवेच्या वाटेवर एक झडप असते. आपण उजव्या मुठीने रेस देतो तेव्हा ती झडप उघडते. रेस सोडली की ती जवळजवळ मिटते. 'जवळजवळ' हा शब्द महत्त्वाचा, कारण ती पूर्ण मिटली तर इंजिन गुदमरेल. ती किती उघडी राहावी हे एक छोटा स्क्रू ठरवतो. तोच आयडलिंगचा स्क्रू. तो घड्याळाच्या दिशेने आत फिरवला की झडप थोडी अधिक उघडी राहते आणि इंजिनाचा वेग वाढतो. बाहेर काढला की वेग उतरतो.

दुसरा स्क्रू मिश्रणाचा. झडप मिटलेली असताना लागणारे थोडेसे पेट्रोल पायलट जेट नावाच्या केसाएवढ्या बारीक छिद्रातून येते. या स्थितीतील मिश्रण किती दाट व किती पातळ हे दुसरा स्क्रू ठरवतो. पेट्रोल जास्त झाले की मिश्रण दाट, हवा जास्त झाली की पातळ.

आयडलिंगला इंजिन जेवढी शक्ती निर्माण करते, तेवढी सगळी स्वतःला फिरवत ठेवण्यातच खर्च होते. शिल्लक काहीच नसते. म्हणून प्लग मळका असेल, जेटमध्ये कण अडकला असेल किंवा कोठून चोरून हवा आत येत असेल, तर ते प्रथम येथेच कळते. वेगात चालणारे इंजिन लहान दोष झाकून नेते. उभे राहून चालणारे इंजिन तो लपवू शकत नाही.

आमची चूक

आता आमची गोष्ट. गाडी रेस सोडल्यावर बंद पडते म्हणून आम्ही आयडलिंगचा स्क्रू अर्धा फेरा आत घेतला. गाडी बंद पडेनाशी झाली. मुलांनी टाळ्या वाजवल्या, आम्हीही खूश झालो.

कार्यानुभव वर्गात एक नोंदवही ठेवलेली आहे. गाडीजवळ काम करणाऱ्या प्रत्येकाने जे दिसले, जे ऐकू आले ते तीत लिहायचे असा रिवाज आहे. नववीतल्या एका मुलीने त्या दिवशी लिहिले होते, "रेस सोडल्यावर आवाज लगेच खाली येत नाही. चार आकडे मोजेपर्यंत वरच राहतो, मग हळूहळू उतरतो." आम्ही ते वाचले, "स्क्रू थोडा जास्त झाला असेल" असे म्हणालो आणि पाव फेरा मागे घेऊन मोकळे झालो. तिने पुढच्या शनिवारी पुन्हा तेच लिहिले. तेव्हा आम्ही ते वाचलेही नाही.

त्यानंतर आमच्यापैकी एक शिक्षक, परवाना व हेल्मेटसह, ती गाडी घेऊन कामानिमित्त धारवाडला गेले. जाताना काही त्रास झाला नाही. हुबळीकडे परतताना एका लांब उतारावर त्यांनी रेस सोडली. गाडी वेगात होती. एकाएकी इंजिनाचा आवाज कोंडल्यासारखा झाला आणि मागचे चाक जाम होऊन घासत जाऊ लागले. त्यांचा डावा हात अनुभवाने क्लचवर गेला, क्लच दाबताच चाक मोकळे झाले आणि गाडी रस्त्याच्या कडेला नेता आली. मागून येणारी बस थोडी जवळ असती तर काय झाले असते, हा विचार त्या रात्री आमच्यापैकी कोणालाच झोपू देईना.

इंजिन सीझ झाले होते, म्हणजे तापून फुगलेला पिस्टन सिलिंडरमध्ये चिकटला होता. कारण उघडून पाहिल्यावर कळले. कार्बोरेटर इंजिनावर जेथे बसतो तेथील कागदी गॅस्केट एका बाजूने फाटले होते. त्या फटीतून इंजिन जास्तीची हवा ओढत होते. अशा चोरट्या हवेने मिश्रण पातळ होते आणि पातळ मिश्रणावर इंजिन अधिक तापते.

टू-स्ट्रोक इंजिनात आणखी एक गोष्ट असते. आपल्या या गाडीत वंगणाचे तेल पेट्रोलमध्येच मिसळलेले असते. उतारावर रेस सोडली की इंजिन वेगाने फिरत राहते, पण पेट्रोल अगदी थोडे मिळते, म्हणजे तेलही अगदी थोडे. त्याच वेळी मिटलेल्या झडपेमुळे आत ओढ जोराची असते आणि फटीतून हवा भरपूर येते. आधीच तापलेला पिस्टन त्या क्षणी कोरडा पडला.

आवाज खाली यायला लागणारा वेळ हे चोरट्या हवेचे ओळखीचे लक्षण आहे. ते त्या मुलीने दोनदा लिहून ठेवले होते. गाडी बंद पडणे हे इंजिनाने सांगितलेले गाऱ्हाणे होते. आम्ही स्क्रू फिरवून त्याला गप्प केले. सिलिंडर बोअर करून नवा पिस्टन बसवावा लागला. तो खर्च आम्ही शिक्षकांनी वाटून घेतला, शाळेच्या निधीला हात लावला नाही, हे विश्वस्त मंडळींच्या माहितीसाठी नमूद करतो.

आपल्या भागात गाण्याची परंपरा मोठी, म्हणून एक उदाहरण देतो. गंगूबाई हनगल हुबळीहून रेल्वेने कुंदगोळला सवाई गंधर्वांकडे शिकायला जात. अशा बैठकीत प्रथम तंबोरा लावला जातो. मिरजेच्या कारागिरांचा उत्तम तंबोरा असला तरी त्याच्या भोपळ्याला तडा गेला असेल तर खुंट्या कितीही पिळा, तो बोलणार नाही. आधी वाद्य धड आहे की नाही ते पाहायचे, मग खुंटी, मग मणी आणि शेवटी जवारीचा दोरा. स्क्रूचेही तसेच आहे. त्याचा नंबर शेवटचा.

योग्य क्रम

इंजिन दुरुस्त झाल्यावर आम्ही मुलांसह पुढील क्रम ठरवला. तो वर्गाच्या भिंतीवर लावला आहे.

१. गाडी उघड्यावर, स्टँडवर, न्यूट्रलमध्ये उभी करावी. बंद खोलीत किंवा शटर ओढलेल्या गॅरेजमध्ये इंजिन कधीही चालू ठेवू नये. धुरातील कार्बन मोनॉक्साइड वायूला रंग नसतो, वास नसतो. रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. माणसाला झोप आल्यासारखे वाटते आणि तो उठत नाही.

२. एअर फिल्टर साफ आहे का पाहावे. चोंदलेला फिल्टर मिश्रण दाट करतो.

३. प्लग काढून रंग पाहावा. चहासारखा तपकिरी असेल तर ठीक. काळा व काजळलेला असेल तर मिश्रण दाट किंवा तेल जास्त. पांढुरका असेल तर मिश्रण पातळ, तेथेच थांबावे आणि कारण शोधावे.

४. पेट्रोल ताजे असावे व तेल ठरलेल्या प्रमाणातच मिसळलेले असावे. महिनोन्महिने टाकीत राहिलेल्या पेट्रोलचा चिकट थर प्रथम पायलट जेटच बंद करतो. जेट तारेने टोचू नये, छिद्र मोठे होते. स्वच्छ करून हवेने फुंकावे.

५. रेसची केबल तपासावी. इंजिन चालू असताना हँडल पूर्ण डावीकडे व पूर्ण उजवीकडे वळवावे. आवाज बदलला तर केबल ताणली जात आहे. तो दोष स्क्रूचा नव्हे.

६. कार्बोरेटरचे बोल्ट सैल नाहीत ना पाहावे. मात्र जोर लावून आवळू नयेत, बूड वाकते आणि नवी फट तयार होते. चालू इंजिनाच्या सांध्याभोवती तेलाचे थेंब सोडावेत. आवाज बदलला तर तेथून हवा जात आहे. रेस देऊन सोडावी. आवाज ताबडतोब उतरला पाहिजे.

७. एवढे सगळे ठीक असेल तरच स्क्रूला हात लावावा. इंजिन दहा मिनिटे चालवून गरम करावे, चोक बंद असल्याची खात्री करावी. थंड इंजिनावर लावलेले आयडलिंग गरम झाल्यावर चुकते.

८. मिश्रणाचा स्क्रू आधी किती फेरे बाहेर होता ते मोजून नोंदवहीत लिहावे. तो आत घेताना टेकला की थांबावे, पिळू नये, टोक खराब होते. मोजून झाल्यावर पुन्हा तेवढाच बाहेर आणावा.

९. आयडलिंगच्या स्क्रूने वेग किंचित जास्त ठेवावा. मग मिश्रणाचा स्क्रू पाव-पाव फेरा फिरवून, प्रत्येक वेळी थोडे थांबून, आवाज सर्वांत जलद आणि एकसारखा कोठे होतो ते ऐकावे. त्यानंतर आयडलिंगच्या स्क्रूने वेग खाली आणावा, इंजिन न थरथरता, न अडखळता चालेल इतका.

१०. शेवटी चार-पाच वेळा रेस देऊन सोडावी. इंजिन बंद पडता कामा नये आणि आवाज वर रेंगाळता कामा नये. जुन्या चेतकचा हेडलाइट आयडलिंगला मंद होतो, तो दोष समजू नये. दिवा उजळ दिसावा म्हणून वेग वाढवू नये.

मोटारींमध्येही क्रम हाच. हवेने थंड होणारी जगातली सर्वांत प्रसिद्ध मोटार म्हणजे जर्मनीची फोक्सवॅगन बीटल. तिची शेवटची गाडी मेक्सिकोतील पुएब्ला येथे ३० जुलै २००३ रोजी तयार झाली. तोवर अशा दोन कोटींहून अधिक गाड्या बनल्या होत्या. तिला चार सिलिंडर, इंजिन फोर-स्ट्रोक आणि आपल्या स्कूटरसारखाच थंड करणारा पंखा. तिच्या नंतरच्या कार्बोरेटरांत वेग लावण्यासाठी हवेची एक वेगळी छोटी वाट आणि तिचा वेगळा स्क्रू दिलेला असे. झडपेला टेकणाऱ्या स्क्रूने वेग वाढवू नये, अशी जाणकारांची ताकीद असते. तेथेही प्लग, ठिणगीची वेळ आणि हवेची गळती तपासून मगच स्क्रू.

हवा बदलते, पेट्रोलही बदलते

मुलांनी एक चांगला प्रश्न विचारला. एकदा नीट लावलेले आयडलिंग कायम नीट का राहत नाही?

पहिले कारण उंची. हुबळी समुद्रसपाटीपासून साडेसहाशे मीटरच्या आसपास आहे आणि धारवाड त्याहून उंच. पणजीत लावलेली स्कूटर अनमोड घाट चढून आपल्याकडे आली तर येथील हवा तिला सुमारे सहा-सात टक्के विरळ मिळते. पेट्रोल मात्र फारसे कमी होत नाही. म्हणजे मिश्रण दाट होते, प्लग काळा पडतो, गाडी जड वाटते. येथे लावलेली गाडी गोव्यात उतरली की उलटे होते, मिश्रण पातळ होते. हवेने थंड होणाऱ्या टू-स्ट्रोकला दोन्हींपैकी पातळ मिश्रण अधिक धोक्याचे.

दुसरे कारण पेट्रोल. देशात आता वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. इथेनॉलच्या रेणूतच प्राणवायू असतो, त्यामुळे ते जाळायला हवा कमी लागते. आधुनिक गाडीतील संगणक हे ओळखून पेट्रोलचे प्रमाण वाढवतो. चेतकच्या जेटला ते कळत नाही. १९९२ साली केलेले छिद्र आजही तेवढेच आहे, म्हणून आजच्या पेट्रोलवर मिश्रण थोडे पातळच होते. शिवाय इथेनॉल ओलावा ओढून घेते आणि जुन्या रबराला मानवत नाही. ज्यांच्या घरी अशी गाडी उभी आहे त्यांनी पेट्रोलची नळी व गॅस्केटे बदलून घ्यावीत आणि गाडी फार दिवस उभी ठेवायची असेल तर टाकी रिकामी करावी.

तपासणीचा आकडा

धुराच्या तपासणीचा दाखला काढताना यंत्राची नळी सायलेन्सरमध्ये घालतात. पेट्रोलच्या जुन्या दुचाकीची ही तपासणी आयडलिंगलाच होते. ३१ मार्च २००० पूर्वी बनलेल्या दुचाकींसाठी धुरातील कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ४.५ टक्के आहे. त्यानंतरच्या गाड्यांसाठी ती ३.५ टक्के झाली आणि पुढे आणखी कडक होत गेली.

मिश्रणाचा स्क्रू फिरवून मिश्रण पातळ केले की हा आकडा लगेच खाली येतो. तपासणीपुरते असे करायचे, दाखला हाती पडला की स्क्रू पूर्ववत करायचा, किंवा त्याहून वाईट म्हणजे विसरून तसाच ठेवायचा, हा प्रकार सर्वांना माहीत आहे. आकडा चांगला आला म्हणून इंजिन चांगले झाले असे नव्हे. मळलेला फिल्टर तसाच, जास्त पडलेले तेल तसेच, आणि आता वर तापलेले इंजिन. आमच्या चुकीत आणि या युक्तीत फारसे अंतर नाही. दोन्हींत तक्रार मिटते, कारण मिटत नाही.

परीक्षेच्या आदल्या दिवशी गाइडमधील उत्तरे पाठ करून मिळवलेल्या गुणांबद्दल आम्ही मुलांना नेहमी बोलतो. या वेळी बोलणे आम्हालाच ऐकावे लागले.

शेवटी

दुरुस्तीनंतर स्कूटर पुन्हा सुरू झाली. आयडलिंग लावताना आम्ही बाजूला उभे राहिलो आणि स्क्रू ड्रायव्हर त्या नववीतल्या मुलीच्या हाती दिला. तिने आधीचे फेरे मोजून लिहिले, पाव-पाव फेरा फिरवत आवाज ऐकला, रेस देऊन सोडली आणि बोटांवर आकडे मोजले. एकही पुरा मोजून झाला नव्हता, तोच आवाज खाली आला होता. मग तिने नोंदवहीत लिहिले, "आवाज लगेच उतरतो."

आता वर्गात एक नियम केला आहे. कोणताही स्क्रू फिरवण्यापूर्वी शिक्षकांनी नोंदवहीचे मागील दोन शनिवारचे पान मोठ्याने वाचायचे. लिहिणारा कोणत्या इयत्तेतला आहे हे पाहायचे नाही.

स्वाध्याय

१. घरातील किंवा शेजारच्या कोणाची जुनी स्कूटर असेल तर मोठ्यांच्या देखरेखीखाली, उघड्यावर, ती चालू करून फक्त ऐका. रेस सोडल्यावर आवाज खाली यायला किती वेळ लागतो ते लिहा. कोणताही स्क्रू फिरवू नका. गरम सायलेन्सर व फिरता पंखा यांपासून हात दूर ठेवा.

२. एक ग्रॅम पेट्रोलला पंधरा ग्रॅम हवा लागते. एक लिटर पेट्रोलचे वजन ७४० ग्रॅम व एक घनमीटर हवेचे वजन १.२ किलो धरून, एक लिटर पेट्रोलला किती लिटर हवा लागेल ते काढा. लेखात दिलेल्या आकड्याशी ताडून पाहा.

३. आजी-आजोबांना किंवा आई-वडिलांना त्यांच्या पहिल्या स्कूटरबद्दल विचारा. नंबर कधी लावला, गाडी कधी मिळाली, पहिला प्रवास कोठे झाला, हे दहा ओळींत लिहून वर्गशिक्षकांकडे द्या. निवडक उत्तरे पुढील अंकात छापू.